वाफ नव्हे, धुकं

आमच्या घरात 'वाफ' हा शब्द फक्त मोदकांसाठी वापरतात. फार तर अळुवड्यांसाठी. इतर कुठे कुणाच्या तोंडून निघालाच, तर माझ्या सासूबाई चटकन दाराकडे बघतात आणि मग आम्ही सगळेच बघतो. दारात कुणी नसतं. चारकोपची आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, बिल्डिंग पाडली, माणसं भाड्याच्या घरांत पांगली. पण तळमजल्यावरच्या काकांनी लावलेली शिस्त सामानाबरोबर टेम्पोत बसून आली, ती काही उतरायचं नाव घेत नाही.

काकांनी आयुष्यभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका हुडकून काढायच्या, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर चुका पुरवणारं कुणी उरलं नाही, मग त्यांनी सोसायटीच तपासायला घेतली. नोटीस बोर्डावर कागद लागला रे लागला की काका लाल पेन घेऊन हजर. 'उद्या पाणि येणार नाही' अशी नोटीस लागली होती, तर त्यांनी 'णि' दीर्घ केला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'आले नाही तरी दीर्घच.' सेक्रेटरी वैतागून नोटिसा इंग्रजीत लावायला लागला. काकांनी त्याही तपासल्या.

दिसायला म्हणाल तर सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात, अंगात बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. बोटं मात्र सदोदित पाण्यात राहून सुरकुतलेली, धोब्याच्या वरताण. त्याचं कारण त्यांचा दमा. लहानपणापासूनचा. सकाळ-संध्याकाळ त्यांना नेब्युलायझर घ्यावा लागायचा आणि तो घेण्यापेक्षा धुण्यातच त्यांचा जास्त वेळ जायचा. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नाशिकला. त्यामुळे घरात ते, ते मशीन आणि व्हिनेगरचा वास. होय, व्हिनेगर. तीन भाग पाणी, एक भाग व्हिनेगर, त्यात सगळे सुटे भाग अर्धा तास बुडवून ठेवायचे, मग उकळून गार केलेल्या पाण्याने खळखळून धुवायचे. चतुर्थी पाळावी तसं ते हे दिवसाआड पाळायचे. त्यांच्या दारावरून जाताना चायनीजच्या गाडीवरून गेल्यासारखं वाटायचं, आणि बिल्डिंगमधल्या नव्या भाडेकरूंना काही दिवस तसाच संशय यायचा.

एरवीचं रोजचं धुणंही काही कमी नव्हतं. औषध घेऊन झालं की लगेच वाटी उघडायची. वाटी म्हणजे औषध घालायचा तो प्लॅस्टिकचा कप. काका त्याला वाटीच म्हणत. तळाशी राहिलेले थेंब फेकायचे, कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून सगळं धुवायचं, उकळलेल्या पाण्याने साबण घालवायचा, झटकायचं आणि स्वच्छ नॅपकिनवर पालथं घालून सुकू द्यायचं. पुसायचं नाही. वर दुधावर ठेवतात ते जाळीचं झाकण. नळी धुवायचीच नाही; तिच्यात दमटपणा दिसला तर मशीन थोडा वेळ नुसतं चालू ठेवून हवेने वाळवायची. आणि हे सगळं सुरू करण्याआधी हात. कोपरापर्यंत, साबणाने. "ओलं ठेवलं की जंतूंचं लग्नघर," असं म्हणायचे.

यात एकच घोळ होता. हे काम ते दुसऱ्या कुणालाच करू देत नसत. मशीनला बोटसुद्धा लावू देत नसत. नाशिकच्या मुलीने आळीपाळीने बायका पाठवल्या मदतीला. एकीने वाटी ओढणीने पुसली, ती संध्याकाळीच गेली. एकीने मास्क ओला असतानाच पिशवीत भरून ठेवला. त्या बिचारीला काकांनी आधी बसवून चहा दिला आणि मग रजा दिली. तिसरी चांगली होती, पण 'आजोबा, वाफ घ्यायची ना?' असं विचारून बसली. झालं, तिचीही वाट लागली.

कारण काकांचा खरा राग त्या शब्दावर होता. वाफ. डॉक्टर म्हणायचे वाफ, केमिस्ट म्हणायचा वाफ, अख्खं चारकोप म्हणायचं वाफ. काका प्रत्येकाला थांबवून सांगायचे, वाफ म्हणजे पाणी तापवून निघते ती. या मशीनमध्ये काही तापत नाही, औषधाचा नुसता बारीक फवारा होतो. त्याला धुकं म्हणा. लोक 'हो हो काका' म्हणत आणि पुढच्या वाक्यात पुन्हा वाफ. मीच एकदा म्हटलं, काका, काय फरक पडतो, औषध छातीत गेलं म्हणजे झालं ना. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "शब्द चुकला की हात चुकतो." मला वाटलं, छापखान्यातलं जुनं काहीतरी असेल, आणि मी भाजी आणायला निघून गेले.

त्या वेळी मला त्यांची काळजी वाटायची ती वेगळीच. समोरच्या सेक्टरमध्ये तोडकाम सुरू झालं होतं. खिडकीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. काकांना जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. मी त्यांना स्पष्ट विचारलं होतं, की एखाद्या दिवशी तुमचेच हात चालले नाहीत, तर कोण देणार तुम्हाला औषध? कुणाला शिकवून तर ठेवा. ते म्हणाले, बघू. हा माणूस स्वतःच्या स्वच्छतेपायी एकटा गुदमरून जाईल, असं मी नवऱ्याला त्या रात्री बोलूनही दाखवलं. नवरा म्हणाला, तू उगाच अभद्र बोलू नको.

त्याच धुळीने आमच्या चिऊलाही धरलं. पाच वर्षांची पोर, श्वास घेताना छातीतून सूं सूं आवाज. डॉक्टरांनी मशीन घ्यायला सांगितलं आणि सांगताना म्हणाले, रोज वाफ द्या. मी ऑफिसला जाणार, म्हणजे देणार कोण, तर सासूबाई. सासूबाई कुडाळकडच्या. मुंबईत चाळीसेक वर्षं काढली तरी बोलणं अजून मालवणीच, आणि सर्दी-खोकल्याच्या वाफेतला त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. टोपात पाणी उकळून, डोक्यावरून चादर घेऊन त्यांनी आमच्या अख्ख्या खानदानाला वाफारे दिलेत. मशीन बघून त्या खूश झाल्या. चादरीची भानगड मिटली.

आता घरात वाफेचं मशीन आल्यावर धुवायचं काय? डॉक्टरांनी साफ ठेवा म्हणून सांगितलं होतं, तर सासूबाई वाटीत नळाचं पाणी फिरवायच्या, पदराने स्वच्छ पुसायच्या आणि सगळं परत खोक्यात. मी एकदा विचारलं, तर मलाच ऐकवलं, की वाफेत कसले गो जंतू, वाफ लागून सगळे मरतात. मला पटलं. खरं सांगते, मला अगदी पटलं. एमएस्सी केलेली मी बाई, मान डोलावून लोकल गाठायला पळाले.

पोरीचा खोकला काही हटेना. कमी व्हायचा, पुन्हा उसळायचा. आणि मग सासूबाईंनी त्यांच्या हिशेबाने उपाय जालीम केला. वाफाऱ्याच्या टोपात निलगिरी घालतात, तशी त्यांनी मशीनच्या वाटीतही औषधाबरोबर निलगिरी तेल घातलं, दोनच थेंब.

रविवार होता म्हणून मी घरात होते. चिऊने दोन श्वास घेतले असतील नसतील, आणि असा ठसका लागला की पोर लालबुंद. मास्क ओढून फेकला, खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, श्वासच आत जाईना. मी तिला कडेवर घेऊन खिडकीपाशी धावले. खाली काकांनी तो खोकला ऐकला. ज्या माणसाला दोन पायऱ्या झेपत नव्हत्या, तो जिना चढून आमच्या दारात उभा. दाराची चौकट धरून, तोंडाने श्वास घेत. बोलता येईना तर हातानेच मशीन बंद करायला सांगितलं. मग वाटीचा वास घेतला आणि डोळे मिटले.

चिऊ हळूहळू निवळली. डॉक्टरांना फोन झाला, त्यांनी मला जे काय सुनवायचं ते सुनवलं. आणि मग काका खुर्चीवर बसून सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, जरा हात धुऊन या."

सासूबाई घाबरलेल्या होत्या, नाहीतर त्यांनी हे ऐकलं नसतं. धुऊन आल्या. काकांनी वाटी साबणाने धुतली, उकळलेल्या पाण्याने विसळली, त्यात नुसतं सलाईन घातलं आणि मशीन सुरू केलं. पांढरा झोत निघाला. त्यांनी सासूबाईंना त्यात हात धरायला सांगितला. सासूबाईंनी पदराचं टोक बोटांना गुंडाळलं, कढईचे कान धरताना गुंडाळतात तसं. काका म्हणाले, पदर नको, उघडा हात.

सासूबाईंनी भीत भीत हात पुढे केला, आणि तसाच धरून ठेवला. मग तळवा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ह्या थंड कित्याक?"

"कारण ही वाफ नाही. हे धुकं आहे. यात काही मरत नाही. वाटीत जे असेल, ते सगळं तिच्या छातीत जातं."

सासूबाईंनी हात मागे घेतला. मला वाटलं, त्यांना समजलं नसेल. पण त्या खाली बसल्या आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मीच घाबरले. "धुक्यान आंब्याचो मोहोर काळो पडता, मास्तरानु," त्या म्हणाल्या. "आणि मी ता माझ्या चेडवाच्या छातीत घातलंय?"

त्यांच्या माहेरी कलमं होती. पौषात धुकं धरलं की त्यांचे वडील न जेवता अंगणात फेऱ्या मारायचे, हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं होतं. रोग येतो तो धुक्याबरोबर येतो आणि फुलावर बसतो. जंतू, इन्फेक्शन, स्टरलाइज हे सगळं मी त्यांना महिनाभर समजावलं असतं तरी जे शिरलं नसतं, ते त्या एका शब्दाने आत गेलं आणि बसलं. काका मात्र भलत्याच गोष्टीवर अडले होते. जिना उतरता उतरता मला म्हणाले, वहिनींना सांगा, मी मास्तर नाही, मुद्रितशोधक होतो.

सासूबाईंना तो शब्द काही जमला नाही. काका मास्तरच राहिले. ते दरवेळी सुधारायचे, त्या दरवेळी विसरायच्या.

त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झालं त्याची मला सवय व्हायला वेळ लागला. सासूबाई वाटी धुणार आणि काका आमच्या खिडकीखाली उभं राहून वर बघत विचारणार, उघडली? विसळली? झटकली? मग सासूबाईंनी दोरीला बांधलेल्या भाजीच्या पिशवीतून वाटी खाली सोडायची. काका ती उजेडात धरून प्रूफ वाचल्यासारखी वाचणार. साबणाचा पुसटसा डाग दिसला की वाटी वर परत. आणि पिशवीतून आली म्हणजे वाटी बाटली, म्हणून पास झालेली वाटीसुद्धा पुन्हा धुवायची. यातला वेडेपणा त्या दोघांनाही दिसत नव्हता. मला दिसत होता, पण पोरीचा खोकला थांबला होता. मी कशाला तोंड उघडू?

एकदा काकांनी खालूनच ओरडून सांगितलं, आज उकळा. सासूबाईंनी मोदकपात्र काढलं आणि वाटी, मास्क, नळी सगळं त्यात घालून गॅस मोठा केला. वाटी टिकली. मास्कची मुरड फसलेली करंजी झाली, आणि नळी तर मी तुम्हाला सांगतच नाही. काकांना वर बोलावलं. त्यांनी तो मास्क हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितला. आता सासूबाईंची काही धडगत नाही असं मला वाटलं. पण काका म्हणाले, चूक माझी आहे, माझ्या वाक्यात कर्म नव्हतं. काय उकळायचं, ते मी बोललोच नाही. मग खोक्यातला कागद मागवून घेतला, कुठला भाग उकळलेला चालतो आणि कुठला नाही ते आम्हाला वाचून दाखवलं, आणि वाचता वाचता त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढल्या. नवा मास्क ते स्वतःच जाऊन घेऊन आले.

एवढं होऊनही स्वतःच्या मशीनला त्यांनी सासूबाईंना हात लावू दिला नाही. तुम्ही अजून शिकताय, म्हणाले. सासूबाईंना ते लागलं. त्या दिवशी त्यांनी खाली घावणे पाठवले ते माझ्या हाताने, स्वतः गेल्या नाहीत.

मग दिवाळी आली. फटाक्यांचा धूर आणि वरून ती तोडकामाची धूळ. भाऊबीज होऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरूनच काम करत होते. सासूबाई फराळाची वाटी घेऊन खाली गेल्या, आणि खालून मला अशी हाक आली की मी लॅपटॉप तसाच टाकून धावले.

काका पलंगाच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले. ओठांचा रंग गेलेला. समोर टेबलावर नॅपकिन, त्यावर धुतलेली वाटी, मास्क, जाळीचं झाकण, सगळं जागच्या जागी. पण वाटीचं फिरकीचं झाकण बसवण्याइतकी ताकद त्या बोटांत राहिली नव्हती. माझ्या मनात आलं, मी म्हटलं होतं ते झालं. मी सरळ पुढे होऊन मशीन ओढलं.

सासूबाईंनी माझा हात बाजूला केला आणि त्या मोरीकडे गेल्या. नळ सोडला. साबण घेतला. मला वेडच लागायचं बाकी होतं. इथे माणूस जातोय आणि ही बाई कोपरापर्यंत हात धुतेय. मी ओरडले, आई, राहू दे ना ते. त्या मागे वळून न बघता म्हणाल्या, गप रव.

काका बघत होते. मान वर करवत नव्हती, तरी त्यांचे डोळे सासूबाईंच्या हातांवर होते. सासूबाईंनी हात झटकले, पदराला लावले नाहीत. येऊन वाटी उचलली, औषधाची कुपी मोडून आत रिकामी केली, फिरकी बसवली, नळी जोडली, आणि मास्क हातात धरून क्षणभर थांबल्या. परवानगी मागितल्यासारख्या. काकांनी मान हलवली.

त्यांच्या तोंडावर मास्क बसवून सासूबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "मास्तरानु, वाफ घेवा."

मी काकांकडे बघितलं. सासूबाईही बघत होत्या. मशीन घुरघुरत होतं. काका काही बोलले नाहीत. मास्कला हात गेला नाही, भुवईसुद्धा हलली नाही.

सासूबाईंचं तोंड पांढरं पडलं. "गाडी बोलाव," त्या मला म्हणाल्या. "ह्येंका हास्पिटलात न्हेवक होया. आत्ताच्या आत्ता."

मी थांबणार होते, औषधाने जरा बरं वाटतंय का बघणार होते. त्यांनी बघितलं नाही. पुढे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. तुम्हाला कळलं कसं, असंही त्यांनी विचारलं. मी काय सांगणार? की या माणसासमोर चुकीचा शब्द बोलला गेला आणि त्याने तो जाऊ दिला?

काका आठवडाभर आत होते. पहिले काही दिवस तर काचेतूनच बघायचं. नाशिकची मुलगी आली, ती बाकावर बसून राहायची. सासूबाई रोज जायच्या. मी सांगून बघितलं की तुम्ही जाऊन काय करणार, तर म्हणायच्या, माझा काम आसा. काय काम, ते सांगत नव्हत्या. मला ते कळलं काकांना साध्या वॉर्डात आणलं त्या दिवशी. मी बरोबर होते. सासूबाई पलंगाशी गेल्या, वाकल्या आणि विचारलं, "वाफ घेतलास काय, मास्तरानु?"

काकांनी डोळे उघडले. कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. मग सुईने सुजलेला हात हळूहळू वर गेला, मास्क हनुवटीपर्यंत खाली आला.

"धुकं," ते म्हणाले. श्वास घेतला. "आणि मास्तर नाही."

सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. इतके दिवस ही बाई एकदाही रडली नव्हती. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्याच हाताने त्यांचा मास्क वर सारायला पुढे झाल्या. काकांनी मान बाजूला घेतली.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी हात."

सासूबाई रडत रडत कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेल्या आणि कोपरापर्यंत हात धुऊन आल्या. मग त्यांनी मास्क बसवला आणि काकांनी बसवू दिला.